माता मृत्यूचा आकडा ३३ म्हणतात, तो नेमका कोणाचा?

पैनगंगाकाठ

मंडळी, केंद्र सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीच्या (एसआरएस) २०१८-२० च्या अहवालात महाराष्ट्राचं माता मृत्यूचं प्रमाण ३३ आहे. एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या, असा त्याचा अर्थ. देशाचा आकडा ९७, आसामचा १९५, केरळचा १९. त्या अहवालात केरळच्या मागोमाग दुसरा नंबर आपल्या राज्याचा. मी गटप्रवर्तक आहे, म्हणजे गावोगावच्या आशा आरोग्यसेविकांच्या कामावर देखरेख करते. या आकड्यामागे किती आशाताईंच्या चपला झिजल्या ते मला माहीत आहे. यश खरं आहे, त्याबद्दल वाद नाही.

पण हा ३३ कोणाचा? पुण्यातली नोकरदार बाई, अकोल्यातल्या व्यापाऱ्याची सून, झरी जामणीच्या पोडावरची (वस्तीवरची) कोलाम बाई, भामरागडची माडिया बाई आणि मेळघाटात धारणीकडच्या ढाण्यावरची (पाड्यावरची) कोरकू बाई या सगळ्या त्या एका आकड्यात बसवल्या आहेत. अहवालात जिल्हा नाही, जात नाही, जमात नाही. माझ्या भागात ज्या बायका बाळंतपणात गेल्या त्यांची घरं मला माहीत आहेत. मजुरीवर जगणारी, वस्तीच्या टोकाची, पावसाळ्यात रस्ता तुटणारी घरं आहेत ती. भरल्या घरातली एकही नव्हती.

इथे डॉक्टर आहेत, मास्तर आहेत, मेळघाटातले लोक आहेत. गटागटांत हा फरक कशानं पडतो आणि तो मोजायचा कसा, यावर मोकळेपणाने लिहा.

कास्तकार_वणी

ताई, तुमची तळमळ समजते. पण दुसरी बाजूही मांडतो. २०१४-१६ मध्ये राज्याचा आकडा ६१ होता, तो ३३ वर आला. सरकारने काहीच केलं नाही असं म्हणता येणार नाही. जननी सुरक्षा योजना आहे, १०८ ची रुग्णवाहिका आहे, बाळंतपण फुकट आहे. तरी आदिवासी भागात लोक आधी भुमकाकडे, म्हणजे गावच्या वैदूकडे जातात, सुईणीला बोलावतात आणि शेवटच्या घटकेला दवाखाना आठवतो. मग खापर डॉक्टरवर. चालीरीती बदलल्याशिवाय फरक कसा मिटणार?

आरएच_डॉक्टर

कास्तकारभाऊ, तुमचा मुद्दा टाळत नाही. मी ग्रामीण रुग्णालयात बरीच वर्षं प्रसूतिगृह सांभाळलं आहे. सविस्तर लिहितो.

बाळंतपणात बाई मरते ती मोजक्या कारणांनी: रक्तस्राव, वाढलेला रक्तदाब आणि त्यातून येणारे झटके, जंतुसंसर्ग, अडलेलं बाळंतपण, असुरक्षित गर्भपात. ही यादी जात पाहून बदलत नाही. बदलतं ते त्या घटकेला बाई कुठे आहे आणि तिच्या अंगात किती रक्त शिल्लक आहे, एवढंच.

रक्तस्राव सगळ्यांत घातक. वार पडल्यावर गर्भपिशवी आकसून घट्ट व्हायला हवी. ती सैल राहिली तर दोन तासांत सगळं संपू शकतं. एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) अकराच्या वर असलेली बाई अर्धा लिटर रक्त गेलं तरी बहुधा सावरते. सहावर असलेल्या बाईला तेवढं जाणं पेलत नाही. म्हणजे तिचं मरण त्या रात्री सुरू होत नाही, वर्षानुवर्षं अर्धपोटी राहण्यात आणि लागोपाठच्या बाळंतपणांत सुरू होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय होता. निम्म्याहून जास्त! लोहाच्या लाल गोळ्या वाटल्या जातात, पण रिकाम्या पोटी त्या घेतल्या की मळमळतं, म्हणून डब्यात पडून राहतात. बाईला दोष देण्याआधी तिच्या ताटात काय आहे ते पाहायला हवं.

आता उपचार. गर्भपिशवी आकसवणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन २ ते ८ अंश तापमानात ठेवावं लागतं. विदर्भाच्या मे महिन्यात ज्या उपकेंद्रात वीज टिकत नाही तिथे त्या औषधाचा गुण किती उरतो? त्याच कामाच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळीला फ्रीज लागत नाही, पण ती वेळेवर हाताशी हवी. रक्तस्राव आवरणारं ट्रानेक्सॅमिक ॲसिड तीन तासांच्या आत दिलं तरच उपयोग. झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस प्राथमिक आरोग्य केंद्रातच देऊन मग पुढे पाठवता येतं. एवढं करूनही रक्त थांबलं नाही तर रक्ताची पिशवी, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ हे तिन्ही एका छताखाली, एकाच वेळी लागतात. आमच्याकडे एक असला की दुसरा नसतो. मग रेफर. केंद्रातून ग्रामीण रुग्णालय, तिथून जिल्हा, तिथून नागपूर. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर, नवी गाडी.

आणि घरच्या बाळंतपणाबद्दल: त्याच २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली आहेत. मी जे मृत्यू पाहिले त्यांतल्या बहुतेक बायका कुठल्या ना कुठल्या दवाखान्याच्या पायरीला शिवून आल्या होत्या. जाणकार तीन विलंब सांगतात: ठरवण्यातला, पोचण्यातला आणि दवाखान्यात पोचल्यावर उपचार मिळण्यातला. आपण चर्चा पहिल्याचीच करतो, कारण त्यात दोष बाईच्या घरावर टाकता येतो.

बाल्या_मारेगाव

डॉक्टरसाहेब बरोबर बोलून रायले. आमच्या बाजूच्या पोडावरची एक बाई होती. कळा सुरू झाल्या तवा नाला भरून वाहत होता. पोट्ट्यांनी बाजेवर टाकून तिले नाला पार केला, मी सोबत होतो. गाडी वेळेवर आली, खोटं कायले बोलू. एका दवाखान्यात गेलो, थे म्हणे एचबी कमी हाय, पुढं न्या. दुसऱ्या ठिकाणी गेलो, थे म्हणे रक्ताच्या बदल्यात रक्त देणारा आणा. नवरा घाबरून बसला, मंग आमच्यातल्याच एकानं देल्लं. बाई वाचली, पण लेकरू गेलं. त्या बाईनं कोणत्या चालीरीतीपायी उशीर केला होता? आम्ही तं पयल्या घंट्यातच निघालो होतो.

आरएच_डॉक्टर

बाल्याभाऊ, एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, जेवण, घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्यात आणि परत घरी नेणारी गाडी, हे सगळं मोफत आहे. रक्तसुद्धा. नातेवाईक रक्त देऊ शकत नाहीत म्हणून बाळंतिणीचं रक्त अडवता येत नाही. कोणी अडवलं तर वैद्यकीय अधीक्षकांना तिथल्या तिथे सांगा, लेखी द्या.

सातपुड्याची

मी कोरकू आहे, चिखलदरा तालुक्यातली. भुमकाचं नाव निघालं म्हणून लिहिते. भुमका आमच्याकडे आहे, लोक त्याच्याकडे जातात, लपवायचं काही नाही. पण का जातात ते विचारा. तो रात्री येतो. आमच्या भाषेत बोलतो. बाईच्या अंगावर ओरडत नाही. कोरकू ही मराठीच्या किंवा हिंदीच्या घरातली भाषाच नाही, तिचं नातं मुंडा भाषांशी. आमची म्हातारी सासू दवाखान्यात गेली की तिला काय विचारलं ते कळत नाही, आणि तिने काय सांगितलं ते सिस्टरला कळत नाही. सून थरथरते आहे, डोळ्यांसमोर अंधारी येते आहे, हे सांगायला शब्दच सापडत नाहीत. रक्तदाब वाढल्याची खूण अशी हातची निसटते.

मेळघाटातल्या काही दवाखान्यांत कोरकू जाणणारी मदतनीस बसवली गेली, तिथे बायका जायला लागल्या हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. माहेरघराची योजनाही चांगली आहे. दिवस भरत आले की आरोग्य केंद्राजवळ येऊन राहायचं, जेवण मिळतं, बुडालेल्या मजुरीचे थोडे पैसे मिळतात. पण घरी दोन लहान लेकरं, म्हातारी, गुरं असतील तर बाई आठ-आठ दिवस येऊन कशी राहणार? लेकरांना सोबत ठेवू देतात तिथे खाटा भरतात.

आणखी एक. पावसाळा संपला की अर्धा ढाणा सोयाबीन काढायला, वीटभट्टीवर निघून जातो. गरोदर बायकाही जातात, कारण त्यांच्या वाट्याची मजुरी घराला हवी असते. गावात नोंद झाली, तपासण्या मात्र अधल्यामधल्या राहिल्या. भट्टीवर कोणती आशा येणार? ती बाई तिथे दगावली तर तिचं नाव कोणत्या गावाच्या वहीत लिहिणार?

१९९३ पासून मेळघाट पेपरात येतो आहे. बालमृत्यूंच्या बातम्या येतात, मंत्री येतात, उच्च न्यायालयात याचिका चालतात, नवसंजीवनी योजना आली, अमृत आहार योजना आली. पण बातमी लेकरांची असते. त्या लेकराच्या आईचं काय झालं हे बातमीच्या शेवटच्या ओळीतही नसतं.

आकडेमोड

संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून मोजणीचा धागा उचलतो. पैनगंगाताईंनी विचारलं की गटवार आकडा का नाही. एक कारण प्रामाणिक आहे, ते आधी सांगतो.

माता मृत्यू ही मोजणीच्या दृष्टीने विरळ घटना आहे. एखाद्या तालुक्यात वर्षाला १,२०० जन्म होतात असं धरा. ३३ च्या हिशोबाने तिथे वर्षाला अर्धा मृत्यूसुद्धा अपेक्षित नाही. एक मृत्यू झाला की त्या वर्षाचं प्रमाण ८३ होतं, दोन झाले की १६७, एकही नाही झाला की शून्य. शून्य आलेल्या वर्षी अधिकाऱ्याचा सत्कार आणि दोन आलेल्या वर्षी त्यालाच नोटीस, हे दोन्ही चूक. पण पाच वर्षं एकत्र केली की ६,००० जन्म होतात. तिथे दोन मृत्यू अपेक्षित असताना सहा झाले तर प्रमाण १०० वर जातं, आणि मग कान टवकारायलाच हवेत. म्हणजे लहान गटांचं मोजमाप अशक्य नाही. वर्षं जोडायची, तालुके जोडायचे, सगळ्या कोलाम वस्त्यांचा, म्हणजे पोडांचा, गुड्यांचा मिळून एक हिशोब काढायचा.

कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी या महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमाती. त्यांतल्या दोन विदर्भात. गडचिरोली जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार ३८.७ टक्के लोक अनुसूचित जमातींचे, राज्यात ते ९.४ टक्के. राज्याच्या सरासरीत अशा एका जिल्ह्याचं वजनच इतकं कमी पडतं की तिथली परिस्थिती दुप्पट वाईट झाली तरी ३३ फारसा हलणार नाही. सरासरी खोटी नसते, पण तिच्याकडे हा प्रश्न घेऊन गेलो तर उत्तर मिळत नाही.

व्याख्येचाही भाग आहे. गरोदरपणात किंवा ते संपल्यावर ४२ दिवसांच्या आत, गरोदरपणाशी जोडलेल्या कारणाने झालेला मृत्यू तेवढा मोजायचा. अपघात धरत नाहीत. पण गरोदर बाईने जीव दिला तर? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१२ च्या वर्गीकरणात अशी आत्महत्याही माता मृत्यूत धरायची आहे. आपल्याकडे विहीर आणि कीटकनाशक ही नोंद पोलीस पाटलाकडे जाते, आरोग्य खात्याकडे येतच नाही.

निळी_ओंजळ

फक्त आदिवासी नव्हे, दलित वस्त्यांचंही लिहा. संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाच्या २०१८ च्या अहवालात होतं की भारतात दलित बाई वरच्या जातीतल्या बाईपेक्षा सरासरी १४.६ वर्षं आधी मरते. आमच्या वस्तीत सडक आहे, दवाखाना चार किलोमीटरवर आहे, भाषाही तीच आहे. तरी प्रसूतिगृहात आडनाव विचारल्यावर आवाज बदलतो. माझ्या वहिनीला टेबलावर कळा देताना जे ऐकावं लागलं ते मी इथे लिहू शकत नाही. दुसऱ्या खेपेला ती म्हणाली, मरण आलं तरी चालेल पण तिथे जाणार नाही. हा पहिला विलंब आहे का, डॉक्टर? की तिसरा विलंबच उलटा फिरून पहिला झाला?

आणि सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार. विदर्भात बौद्ध समाजात, गोंड, माडिया, परधानांत तो मोठ्या प्रमाणात आहे. लोक म्हणतात, तुमच्या रक्तातच दोष. हिवतापाच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांत हे जनुक टिकलं, कारण वाहकाला, म्हणजे आजार नसून जनुक असलेल्याला, हिवतापापासून काही अंशी संरक्षण मिळतं. आजाराची बाई गरोदर राहिली तर जोखीम वाढते हे खरं. पण तपासणी आधी झाली, फोलिक ॲसिड चालू राहिलं, रक्ताची सोय करून ठेवली आणि बाळंतपण मोठ्या ठिकाणी झालं तर ती सुखरूप घरी येते. जनुक आमचं, पण तपासणी न होणं आमच्या जनुकात लिहिलेलं नाही.

आकडेमोड

निळीताई, तुमचा मुद्दा मजबूत राहावा म्हणून एक सांगतो. १४.६ वर्षांचा फरक मृत्यूच्या वेळच्या सरासरी वयाचा आहे, ३९.५ आणि ५४.१ असा. ते आयुर्मान नव्हे. ज्या समाजात तरुणांचं प्रमाण जास्त तिथे हे सरासरी वय आपोआप खाली येतं. फरक आहेच, पण हाच आकडा पुढे केला तर समोरचा तेवढाच खोडून काढील आणि बाकीचं सगळं वाहून जाईल.

नागपूरकर_न्यूजर्सी

बाहेरचं उदाहरण देतो, कारण ते निळीताईंच्या म्हणण्याला थेट जोडलेलं आहे. अमेरिकेत हे आकडे वंशवार प्रसिद्ध होतात. २०२३ मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे काळ्या स्त्रियांचे ५०.३ मृत्यू, गोऱ्या स्त्रियांचे १४.५. एकाच देशात. सुरुवातीला लोक म्हणत, गरिबी आणि अशिक्षितपणा. मग २००७ ते २०१६ ची माहिती शिक्षणानुसार पाहिली गेली. पदवीधर काळ्या स्त्रीचं प्रमाण शाळाही पूर्ण न केलेल्या गोऱ्या स्त्रीच्या १.६ पट निघालं. म्हणजे शिकूनही फरक मिटला नाही.

टेनिसपटू सेरेना विल्यम्सला २०१७ मध्ये सिझरनंतर धाप लागली. तिला आधी फुप्फुसात गुठळी झाली होती, म्हणून तिने स्वतःच स्कॅनचा हट्ट धरला, आणि गुठळ्या सापडल्या. इतकी नावाजलेली बाई, तिलाही आपलं म्हणणं लावून धरावं लागलं. जिचं बोलणं आधीच कोणी धरत नाही तिचं काय होत असेल?

ब्रिटनमध्येही काळ्या स्त्रियांचं प्रमाण गोऱ्यांच्या कित्येक पट आणि आशियाई स्त्रियांचं जवळपास दुप्पट आढळलं आहे. तिथे १९५२ पासून प्रत्येक माता मृत्यूची गोपनीय चौकशी होते. कोणाला शिक्षा करायला नव्हे, काय चुकलं ते सगळ्यांनी शिकायला. आपल्याकडे केरळात २००४ पासून तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तीच पद्धत चालवली आहे.

पैनगंगाकाठ

माता मृत्यूचा आढावा आपल्याकडेही होतो. पण तो होतो कसा? सगळ्यांत आधी प्रश्न असतो, कोणाला नोटीस द्यायची. आशाला, एएनएमला (उपकेंद्राच्या नर्सला). मग नर्स कागद नीट करण्यात गुंतते. दुसऱ्या दिवशी जोखमीची माता म्हणून शिक्का मारलेलं कार्ड निघतं. खरं कारण त्या कागदाखाली जातं. चौकशीला घरचे बोलावले जातात ते जबाब द्यायला, त्यांना काय दिसलं ते विचारायला नव्हे.

आणि आकडेमोड सरांनी नोंदीचं काढलं म्हणून आमच्या वहीतली सगळ्यांत मोठी फट सांगते: माहेर. पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते. सासरची आशा लिहिते, माहेरी गेली. माहेरची आशा म्हणते, नाव तिकडचं आहे. मधल्या दोन महिन्यांत तिचा रक्तदाब कोणीच मोजत नाही, आणि नेमके त्याच महिन्यांत तो चढतो. तिचं काही बरंवाईट झालं तर दोन्ही तालुके मृत्यू एकमेकांकडे ढकलतात. ती नागपूरला दगावली तर तिसरा जिल्हा येतो. मरण जिथे झालं तिथलं न धरता बाई जिथली रहिवासी होती तिथलं धरा, आणि त्या नोंदीत तिची जमात, जात, मजुरी, दवाखान्यापर्यंतचं अंतर लिहा. हे रकाने भरणं अवघड नाही.

कास्तकार_वणी

वाचतोय सगळं. बाल्याभाऊंचं वाचून बरंच समजलं. मी ग्रामपंचायत सदस्य आहे. निधी थोडा असतो, अधिकार थोडे. तरी आमच्या हातात काय आहे ते सांगा. भाषणाला लागणारं नको, करता येईल असं सांगा. आमच्याकडे गुडा आहे, तिथला रस्ता पावसात जातोच.

सातपुड्याची

दादा, पहिलं म्हणजे जूनच्या आधी यादी करा. पावसाळ्यात कोणाचे दिवस भरणार ते आशाला माहीत असतं. त्या बायकांना पाणी चढण्याआधी अलीकडच्या गावात हलवायचं. भामरागडला पर्लकोटेचा पूर दरवर्षी येतो, तो काही अचानक येत नाही. त्यांच्या लेकरांची आणि म्हाताऱ्यांची जेवणाची सोय गावाने घेतली तर बाई निर्धास्त जाते.

आरएच_डॉक्टर

सातपुडाताईंनी सांगितलं त्यात भर घालतो.

गावातल्या रक्त देऊ शकणाऱ्या तरुणांची रक्तगटवार यादी करून ती आरोग्य केंद्रात आणि तुमच्या फोनमध्ये ठेवा. बाळंतिणीसाठी बदली रक्ताची अट नाही हे पुन्हा सांगतो, पण रक्तपेढीत साठाच नसेल तर नियम कामी येत नाही. वर्षातून दोन शिबिरं घ्या, त्यातलं एक उन्हाळ्यात, कारण साठा तेव्हाच आटतो.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, २०१६ पासून. गुड्यावरच्या बायकांना त्या दिवशी गाडी द्या. एचबी, रक्तदाब, लघवी आणि सिकलसेल या चार तपासण्या झाल्या की नाही ते कार्डावर स्वतः पाहा. एचबी सातच्या खाली असेल तर गोळ्यांवर ठेवायचं नाही, तिला रुग्णालयातच न्यायचं. शंभरातल्या पंधरा-एक गरोदरपणांत काहीतरी गंभीर उद्भवतं आणि त्या पंधरा कोणत्या हे आधी पुरतं सांगता येत नाही. म्हणून तयारी सगळ्यांसाठी करायची.

मोजण्याची एक साधी युक्तीही आहे. बाळंतपणानंतर बाईखाली खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी ठेवायची, म्हणजे किती रक्त गेलं ते अंदाजावर राहत नाही. आफ्रिकेतल्या चार देशांत ही मोजणी आणि लगेच एकत्र उपचार अशी चाचणी झाली, तिचे निकाल २०२३ मध्ये आले, त्यात तीव्र रक्तस्राव आणि त्यातून होणारे मृत्यू वगैरे मिळून ६० टक्के कमी झाले. ती पिशवी महाग नाही. तुमच्या रुग्ण कल्याण समितीत विषय काढा.

निळीताईंच्या प्रश्नाचं उत्तर देतो. होय, तिसरा विलंबच फिरून पहिला होतो. सोबतीला एक बाई प्रसूतिगृहात थांबू शकते, तो बाळंतिणीचा हक्क आहे, सरकारच्या सूचना आहेत. आमच्याकडे सोबतीण आत घ्यायला लागल्यापासून टेबलावरची भाषा बदलली. वहिनींना पुढच्या वेळी एकटं पाठवू नका.

कास्तकार_वणी

येत्या ग्रामसभेत घेतो. पैनगंगाताई, माहेरी गेलेल्या आणि माहेरी आलेल्या मुलींची वेगळी वही आशाकडे ठेवायची, हे तुमच्या नमुन्यात पाठवाल का? आमची आशा विचारत होती.

पैनगंगाकाठ

पाठवते. रकाने एवढेच आहेत: नाव, सासरचं गाव, माहेरचं गाव, दोन्हीकडच्या आशांचे नंबर, निघाल्याची तारीख, शेवटचा रक्तदाब आणि एचबी, सिकलसेलचा निकाल. निघाली त्याच दिवशी पलीकडच्या आशाला फोन करायचा आणि तिने "पोचली" म्हटल्यावरच आपल्या वहीत खूण करायची.